सुग्रीव ओव्हाळांच्या तीन पॉलिस्या

सुग्रीव ओव्हाळ माणूस ओळखतात तो तापावरून.

तुम्ही त्यांना भूमच्या बाजारात गाठून "ओळखलं का मामा?" असं विचारलंत, तर ते तुमच्या तोंडाकडं बघणार नाहीत. तुमचा डावा हात हातात घेतील, करंगळीशेजारच्या बोटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघतील, थोडा वेळ डोळे मिटतील आणि म्हणतील, "थंडी वाजून ताप. तिसऱ्या दिवशी उतरला. तुमची आई लई रडत हुती." नाव त्यांना शेवटपर्यंत आठवणार नाही. ताप मात्र बरोबर निघतो.

बत्तीस वर्षं ते हिवताप विभागात होते. सायकलवर गावोगाव हिंडायचं, घरात कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि चार गोळ्या देऊन पुढच्या घराला जायचं. या कामानं तालुक्यातल्या निम्म्या बोटांशी त्यांची ओळख झाली. त्यात माझंही एक बोट आहे. सात वर्षांची असताना त्यांनी मला टोचलं आणि मी त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. पुढं लग्न होऊन मी त्यांच्याच गल्लीत राहायला आले, शाळेत गणित शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गल्लीला माझी ओळख करून दिली. "ह्या नव्या बाई. चावतात."

त्यांचा दुसरा हट्ट नमुन्याचा. कुठल्याही गोष्टीचा नमुना घेतल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत. कलिंगड घ्यायचं तर तीन गाड्यांवरच्या फोडी खातात. चप्पल घ्यायची तर एका दुकानातली डावी आणि दुसऱ्या दुकानातली उजवी घालून दोन्ही दुकानदारांना एकमेकांच्या दारात उभं करतात. कौसल्यामावशी, त्यांच्या बायको, म्हणायच्या, "माझा पण नमुनाच नेला की ह्यांनी. ताप आलता मला. रक्त घेऊन गेले आणि आठ दिवसांनी सोयरीक घेऊन आले." मामा यावर मान हलवून म्हणायचे, "पट्टी निगेटिव्ह हुती."

कौसल्यामावशींना जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगा पुण्यात आहे. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, त्या वेळेला मामा दाढी करून बसतात. व्हिडिओ कॉल नसतो, साधाच फोन असतो, तरीही. घरात तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मावशींचा फोटो आणि एक पलंग. गेल्या दोन वर्षांत गुडघ्यांनी दगा दिला. सायकल आधी सुटली, मग बाजार सुटला. आता ते ओट्यावर बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची बोटं तपासतात.

अशात एके दिवशी ते भिंत धरत धरत आमच्या दारात आले. हातात जाड पाकीट होतं.

"बाई, काय करायलाव? हे जरा वाचा. सगळं इंग्रजीत हाय. कुणीतरी मेलंय का बघा."

कुणी मेलं नव्हतं. पत्र विमा कंपनीचं होतं. मामांच्या तिथं तीन पॉलिस्या होत्या, वीस-बावीस वर्षांपूर्वी घेतलेल्या. लहान रकमेच्या, पण नफ्यात वाटा असलेल्या. म्हणजे कंपनीला जो फायदा होईल त्यातला थोडा दरवर्षी बोनस म्हणून पॉलिसीत जमा व्हायचा आणि मुदत संपल्यावर, किंवा माणूस गेल्यावर, सगळं मिळून मिळायचं. आता ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली होती आणि नव्या मालकांना हे जुनं लचांड नको होतं. म्हणून त्यांनी देकार दिला होता. पुढच्या बोनसवरचा हक्क सोडा, पॉलिस्या आजच बंद करा, आम्ही नेहमीपेक्षा जास्त रक्कम एकदम देतो. दोन महिन्यांत सही करून पाठवा. नाही पाठवलंत तर आहे तसंच चालू राहील, पण यापुढं बोनस किती पडेल याची खात्री नाही.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे कंपनीला काय वाटतंय? म्या लवकर मरणार, का लवकर मरणार न्हाय?"

गणिताच्या शिक्षिकेला इतका नेमका प्रश्न वर्षानुवर्षं कुणी विचारलेला नव्हता.

"त्यांनी दोन्ही धरून हिशोब केला असेल मामा."

"मग आपणबी करू. नमुने घ्यावे लागतील."

आणि त्यांनी नमुने घ्यायला सुरुवात केली. ओट्यावरून जो जाईल त्याला थांबवायचं, पत्राबद्दल सांगायचं आणि विचारायचं, "माझ्याकडं बघून सांगा, अजून किती वर्षं काढतो म्या?" लोक गडबडून जायचे. सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला कुणी असं विचारतं का? खव्याची भट्टी असलेले आमचे शेजारी म्हणाले, "मामा, तुम्ही शंभर गाठताय बघा." मामांनी त्यांना जाऊ दिलं आणि मला हळूच म्हणाले, "ह्यो नमुना बाद. ह्याचा धंदाच गोडाचा हाय."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर मात्र स्पष्ट बोलला. "गुडघे असेच राहिले तर वर्षभरात पलंग धराल. पलंग धरलेला माणूस चार-पाच वर्षं. जास्त नाही."

मामांचा चेहरा उजळला. "हा नमुना चांगला आला."

मला हसू आलं होतं, पण ते टिकलं नाही. कारण बार्शीच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते आणि कंपनी देत होती ती रक्कम जवळपास त्या खर्चाएवढीच होती. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, घेऊन टाका, ऑपरेशन करा, मी रजा काढून येतो." मीही कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून त्यांना दाखवलं. थांबलात तर काय, घेतलंत तर काय, मध्येच गेलात तर काय. सगळीकडून एकच उत्तर येत होतं. घ्या आणि गुडघे करा.

मामांनी तो कागद दोनदा वाचला. "बरोबर हाय," म्हणाले. "गणित बरोबर हाय तुमचं." आणि घडी घालून खिशात ठेवला. सही केली नाही.

एक महिना गेला. मग दीड. मी रोज विचारायचे, ते रोज म्हणायचे, "बघू." शेवटी पंधरा दिवस राहिले तेव्हा मी चिडले. "मामा, पत्र तुमचं, गुडघे तुमचे, आणि झोप माझी उडालीय. अडतंय कुठं?"

ते बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एक नमुना राहिलाय. ईट गावचा. एसटीची पायरी चढवत न्हाय मला. तुमची गाडी येईल का?"

रविवारी आम्ही निघालो. त्या दिवशी त्यांनी मुलाचा फोन यायच्या आधीच त्याला फोन करून टाकला, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. मी गाडी चालवत होते. मामा शेजारी पाय लांब करून बसले होते आणि वाटेत मला भास्करची गोष्ट सांगत होते.

भास्कर ईटचा. थोडी कोरडवाहू जमीन, आणि जोडीला विम्याची एजन्सी. या तिन्ही पॉलिस्या त्यानंच उतरवलेल्या. मामांची नेमणूक ईटच्या बाजूला होती तेव्हा दोघांचं जमलं आणि पुढं इतकं जमलं की दोघं एकत्रच गावं करायला लागले.

"त्याच्याएवढा नालायक एजंट कंपनीला मिळाला नसंल," मामा म्हणाले. "आवो, विमा इकायचा आन् मरणाचं नाव काढायचं न्हाय! तोंडच उघडायचं न्हाय त्याचं. 'तुमचं काही बरंवाईट' म्हणायचा आन् पुढं पाणीच मागायचा. म्हणून म्या त्याला संगं न्यायला लागलो. म्हणलं, म्या बोट टोचतो, माणूस जरा घाबरलेला असतोय, तवा तू विम्याचं बोल."

"मग?"

"मग काय! म्या टोचलं की ह्यो त्या माणसाला धीर द्यायचा. 'काय होत न्हाय तुम्हाला, ठणठणीत व्हताव.' माणूस ठणठणीत झाल्यावर विमा कशाला घेतोय?"

मार्च महिना आला की भास्करचं टार्गेट अपुरं असायचं. तीन मार्च महिन्यांत मामांनी तीन पॉलिस्या घेतल्या. नमुना न बघता. "तेवढी एकच गोष्ट हाय बाई, जी म्या बिननमुन्याची घेतली," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काही नव्हतं. काढलेल्या तुरीची रानं आणि बाभळी.

भास्कर जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. छातीत कळ आली आणि गावातून हलवायच्या आतच तो गेला. घरी त्याची बायको सिंधूवहिनी एकट्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या दारात बसून सुपात तूर पाखडत होत्या. मामा गाडीतून उतरायला लागले तशा त्या सूप टाकून उठल्या.

"जयभीम भावजी. लई दिसानं आलाव. आवो, काय दशा केलीय पायांची!"

"पायांनीच माझी केलीय," मामा म्हणाले.

त्यांनी बाज टाकली, चहा ठेवला. माझी ओळख झाली. मामांनी त्यांच्याही बोटाचं टोक दाबून बघितलं, "चांगलंय," म्हणाले. मी मनात म्हटलं, आता पत्राचं निघेल. पण मामा पावसाचं बोलले, तुरीचं बोलले, गावात आता फवारणीला कोण येतं ते विचारलं. पत्र त्यांच्या खिशात होतं, मला त्याची कड दिसत होती.

चहा झाल्यावर वहिनी आपणहूनच आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. "भावजी, हे आलंय बघा ह्यांचं. बरोबर हाय का सांगा. तुमच्याबिगर मला कोण सांगणार?"

तो कमिशनचा कागद होता. पॉलिसीचा हप्ता भरला की एजंटाला त्यातलं थोडं मिळतं, आणि एजंट गेला तर त्याच्या वारसाला मिळत राहतं, हे मला तेव्हा कळलं. मी मामांच्या खांद्यावरून वाचलं. वर भास्करचं नाव आणि त्याचा एजंट क्रमांक. खाली पॉलिस्यांची यादी. यादी म्हणजे तीन ओळी. तिन्ही ओळींपुढं एकच नाव होतं, सुग्रीव ओव्हाळ. बाकी सगळ्यांच्या पॉलिस्या कधीच संपल्या होत्या नाहीतर बंद पडल्या होत्या. रक्कम इतकी किरकोळ होती की तेवढ्यात आमच्या गाडीचं ईटपर्यंतचं पेट्रोलसुद्धा आलं नसतं.

वहिनींना वाचता येत नव्हतं.

"बरोबर हाय," मामा म्हणाले.

"वर्षातनं एकदा येतंय. पोस्टमन अजून त्यांच्याच नावानं हाक मारतोय. 'भास्करराव हायती का' म्हणतोय. नवा हाय पोरगा, त्याला काय ठावं. म्याबी सांगत न्हाय. 'रानात गेल्यात,' म्हणते." त्या थोड्या हसल्या. "कागद आला की साखर आणते आन् शिरा करते. त्यांच्या कमाईचा."



"बाकी तसा लई धांदरट माणूस," वहिनी मला सांगायला लागल्या. "दुनियेचे विमे केले बाई, आन् सोताचा भरायचा इसरला. गेल्यावर ऑफिसात गेलाव तर म्हणले, तुमच्या मालकाची पॉलिसी बंद पडलीय. भावजीच आलते माझ्यासंगं. व्हय ना वो? एक रुपाया मिळाला न्हाय. तवा लई राग आला मला. महिनाभर फोटूकडं बघितलं न्हाय म्या. आता न्हाय येत राग. इसराळूच हुता तो."

मामांनी मान खाली घातली. कागदाची घडी त्यांनी जुन्याच मोडीवर घातली आणि वहिनींच्या हातात दिली.

निघताना वहिनींनी पसाभर तूर पिशवीत बांधून दिली आणि म्हणाल्या, "गुडघ्याचं करून घ्या भावजी. पैसं असंल तर थांबू नगा."

"करायचंय की," मामा म्हणाले. "बार्शीत सांगून ठिवलंय."

गाडी गावाबाहेर आली.  मामा बोलले ते समोर रस्त्याकडं बघत.

"तो इसरला न्हवता बाई."

मी गाडीचा वेग कमी केला.

"आमची कौसल्या पयल्यांदा आजारी पडली ते साल. सोलापूरला तीन महिनं दवाखान्यात हुतो. हप्त्याचं माझ्या डोक्यातच न्हवतं. परत आलो तर तीनबी पावत्या ह्यानं घरी आणून दिल्या. म्हणला, कंपनीनं तुम्हाला सवलत दिलीय. म्या खरं धरलं. पगार झाल्यावर द्यायचे म्हणलं तर म्हणला, पुढच्या वर्षी बघू. त्याच महिन्यात त्याचा सोताचा हप्ता हुता. त्याच्याजवळ दोन्हीला पुरंल एवढं न्हवतं. आठ महिन्यांनी गेला. वहिनीला घेऊन ऑफिसात गेलो तवा तिथल्या क्लार्कनं मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला न्हाय, मला. माझे तीन हप्ते त्यानं आपल्या हातानं भरलेले आन् त्याच टेबलावर सोताचा सोडून दिलेला."

"मग तुम्ही वहिनींना..."

"तिला पैसं द्यायला गेलतो म्या. दोनदा. 'कशाचे?' म्हणली. काय सांगू? तुझ्या नवऱ्यानं तुझं न्हाय बघितलं, माझं बघितलं, असं सांगू? इसराळू म्हणती, ते बरं हाय. इसराळू माणसावरचा राग जातोय."

 तरी मी प्रयत्न केला. म्हटलं, "मामा, ते कमिशन म्हणजे काहीच नाही. तेवढे पैसे आपण दुसऱ्या कुठून तरी पाठवू. पोस्टानं पाठवू. कंपनीचे म्हणून पाठवू. तुम्ही पाय करून घ्या."

"कागदावर त्याचं नाव कोण टाकणार?" मामा म्हणाले.



पत्राची मुदत त्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी संपली. त्या दिवशी शाळेतून येताना मी मुद्दाम त्यांच्या ओट्यापाशी थांबले. ते एका म्हाताऱ्याचं बोट दाबून बघत होते. "तुमचा ताप लई चिवट हुता," असं त्याला सांगत होते. मी पत्राचं विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. मुलाला त्यांनी सांगितलं की बाईंनी हिशोब केला, थांबण्यातच फायदा आहे. मुलानं मला फोन करून खात्री करून घेतली. मी म्हटलं, "हो." आयुष्यात एवढं चुकीचं गणित मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

कंपाउंडरनं वर्षभराची मुदत सांगितली होती. त्याच्याही आधी, सात-आठ महिन्यांतच, मामांचं ओट्यावर येणं कमी झालं. पलंग दाराशी ओढून घेतला आहे. बोटं तपासून घ्यायला लोक आता आत येतात, पण पूर्वीइतके नाही. सगळ्यांना कामं असतात.

गेल्या महिन्यात हप्ता आला. मी म्हटलं, मामा, मोबाईलवरून भरते, एका मिनिटाचं काम. त्यांनी ऐकलं नाही. मोबाईलवरून भरलं की एजंटाचं नाव गळतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तसं होत नाही हे मी चार वेळा समजावलं. "तुम्हाला काय ठावं," म्हणाले. शेवटी गाडीत घालून नेलं.

कंपनीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. मी आणि खालच्या झेरॉक्सवाल्यानं त्यांना धरायचं म्हटलं, तर मामांनी आम्हाला बाजूला केलं. पहिल्या पायरीवर पाठमोरे बसले, हातांवर जोर दिला आणि वरच्या पायरीवर सरकले. मग तिच्या वरच्या. दर दोन पायऱ्यांनी थांबून दम घेतला. वर जायला पाऊण तास लागला. काउंटरवरची मुलगी उभी राहून बघत होती.

पैसे भरले. पावत्या आल्या. मामांनी चष्मा लावला, तिन्ही पावत्या एकेक करून वाचल्या, खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून ती मुलीला दाखवली. "हे नाव वाच बरं जरा."

तिनं वाचलं. पहिल्या पावतीवरचं, दुसऱ्या, तिसऱ्या.

"हां," मामा म्हणाले आणि पावत्या खिशात ठेवून जिन्याकडं सरकायला लागले. मी त्यांच्या चपला उचलल्या आणि दोन पायऱ्या पुढं होऊन हळूहळू उतरत राहिले.